लाईटच्या मशीनची कुलपं

गटातल्या एखादीला कॅन्सर झाला की ऑपरेशन, केमोबरोबर ‘लाईट घ्यायला’ सांगतात. मग आम्हाला हमखास प्रश्न येतो, मशीन कॉम्प्युटरवर चालतं, तो चुकला तर? प्रश्न अगदी रास्त आहे.

हे मशीन म्हणजे कणत्वरक. इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण नळीतून प्रचंड वेगाने पळवायचे. गाठ वरवर असेल तर तेच अंगावर सोडायचे. खोल असेल तर ते धातूवर आदळवून एक्स-रे काढायचे. त्यासाठी झोत कितीतरी पट जोरकस लागतो. म्हणजे धातू आड नसताना जोरकस झोत सुटता कामा नये.

कॅनडात बनलेल्या थेरॅक-२५ या मशीनमध्ये नेमकं तेच घडलं. आधीच्या मशीनांत यासाठी वेगळं, यंत्राचं कुलूप असे. इथे ते काढून सगळा भार कॉम्प्युटरवर टाकला होता. १९८५ ते १९८७ मध्ये अमेरिका-कॅनडात सहा जणांना भयंकर जास्त मात्रा बसली, काही दगावले. टेक्ससमध्ये ऑपरेटरने चुकून एक्स-रेचं अक्षर दाबलं आणि लगेच दुरुस्त केलं. मशीनमधले चुंबक जागेवर यायला आठ सेकंद लागत. तेवढ्यात केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसली, पण आतल्या एका भागाला कळलीच नाही. पडद्यावर आलं, ‘बिघाड ५४’. त्यावरून कुणाला काय समजणार!

हीच चूक जुन्या थेरॅक-२० मध्येही होती, हे नंतर कळलं. तिथे फक्त फ्यूज उडायचा. कुलूप शाबूत होतं ना.

आम्हाला जास्त लागलं ते जॉर्जियातल्या बाईचं. स्तनाची गाठ काढल्यावर ती लाईटला आली होती. भाजलं, असं तिने तिथेच सांगितलं. असं होऊच शकत नाही, हे उत्तर मिळालं. पुढे तिचं स्तन काढावं लागलं, हातही निकामी झाला.

आजच्या मशीनांत मात्रा मोजणारी दोन स्वतंत्र मापकं असतात, दार उघडलं की झोत बंद होतो, लाल बटण असतं. म्हणून भीतीपोटी लाईट अर्धवट सोडू नका. कातडी लाल-काळी पडते ती हळूहळू, काही दिवसांनी. लाईट चालू असताना मात्र चटका बसत नाही. बसला तर उठू नका, हात वर करा, ओरडा. कॅमेऱ्यातून तुमच्यावर लक्ष असतं. आणि पहिल्याच दिवशी विचारून घ्या, ‘ताई, आतून हाक मारली तर बाहेर ऐकू येतं ना?’