वापरलेली आलिशान मोटार : खरेदीपूर्वी जाणून घ्यावयाच्या बाबी

आलिशान मोटारगाडी ही आता केवळ महानगरांतील धनिकांची मिरासदारी राहिलेली नाही. जमिनीचा मोबदला हाती आलेला शेतकरी, तालुक्याच्या गावी व्यवसायात जम बसविलेला तरुण, निवृत्तीच्या उंबरठ्यावरील अधिकारी अशा अनेकांच्या दारात आज परदेशी बनावटीच्या मोटारी दिसू लागल्या आहेत. त्यांतील बऱ्याच मोटारी वापरलेल्या असतात. नवी असताना पन्नास-साठ लाख रुपयांना विकली गेलेली मोटार आठ-दहा वर्षांनी नव्या लहान मोटारीच्या किमतीत मिळू शकते. हा व्यवहार वरकरणी किफायतशीर वाटतो. तथापि, एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कालांतराने मोटारीची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. आणि काही दोष असे असतात की त्यांची किंमत पैशांत मोजता येत नाही.

माघारी बोलावणे म्हणजे काय?

विक्री झाल्यानंतर एखाद्या मोटारीच्या रचनेत अथवा सुट्या भागात सुरक्षिततेला बाधक असा दोष आढळला, तर कारखानदार त्या मालिकेतील सर्व मोटारी तपासणीसाठी बोलावून घेतो व दोष विनामूल्य दुरुस्त करून देतो. यालाच वाहन माघारी बोलावणे अथवा ‘रिकॉल’ असे म्हणतात. अमेरिकेने १९६६ साली यासाठी कायदा केला. आपल्याकडे मोटार उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये ऐच्छिक संहिता स्वीकारली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम ११०-अ समाविष्ट झाले. त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली. चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर व्यक्ती अथवा पर्यावरण यांना अपाय करू शकेल असा दोष असल्यास वाहने माघारी बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार या कलमाने केंद्र शासनास दिला. कसूर करणाऱ्या कारखानदारास दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही नियमांत करण्यात आली.

मात्र वापरलेली मोटार घेणाऱ्याने या नियमांतील एक मर्यादा लक्षात ठेवावयास हवी. ही सक्तीची तरतूद सात वर्षांच्या आतील वाहनांसाठी करण्यात आली. आठ-दहा वर्षांची मोटार त्या कक्षेबाहेर राहते. कारखानदाराने स्वेच्छेने अशी मोटार माघारी बोलावली, तर दुरुस्ती सामान्यतः विद्यमान मालकासही विनामूल्य मिळते. पण सूचनेचे पत्र जाते ते कंपनीच्या दप्तरी असलेल्या पत्त्यावर, म्हणजे बहुधा पहिल्या मालकाकडे. तिसऱ्या मालकाला त्याची वार्ताही नसते. धोका नेमका येथेच आहे.

दोन बोलकी उदाहरणे

पहिले उदाहरण एअरबॅगचे. जपानमधील ताकाटा या कंपनीच्या एअरबॅग अनेक नामांकित मोटारींत बसविण्यात आल्या होत्या. अपघातसमयी एअरबॅग फुगविण्यासाठी धातूच्या डबीत अमोनियम नायट्रेट हे द्रव्य वापरले जाई. उष्ण व दमट हवेत अनेक वर्षे राहिल्यावर हे द्रव्य बिघडते आणि प्रमाणाबाहेर वेगाने पेटते. परिणामी डबीच फुटून धातूचे तुकडे चालकाच्या अंगात घुसतात. एकट्या अमेरिकेत या कारणाने वीसहून अधिक माणसे दगावली व सुमारे ६ कोटी ७० लाख डब्या बदलण्यासाठी मोटारी बोलवाव्या लागल्या. जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. बीएमडब्ल्यू कंपनीने तर मे २०२३ मध्ये २००० ते २००६ या वर्षांतील सुमारे ९० हजार मोटारींच्या अमेरिकेतील मालकांना ‘गाडी चालवूच नका’ असा इशारा दिला. तेथे उष्ण व दमट प्रदेशांतील मोटारींना दुरुस्तीत अग्रक्रम देण्यात आला होता. आपल्या कोकण किनारपट्टीचे हवामान ध्यानी घेता, जुनी मोटार घेणाऱ्याने या बाबीकडे दुर्लक्ष करणे हिताचे नाही.

दुसरे उदाहरण ब्रेकचे. जून २०२२ मध्ये मर्सिडीज-बेंझ कंपनीने २००४ ते २०१५ या काळात तयार झालेल्या एमएल, जीएल व आर या वर्गांतील जगभरच्या सुमारे दहा लाख मोटारी माघारी बोलावल्या. ब्रेक दाबण्यास साह्य करणाऱ्या बूस्टरच्या रबरी आवरणाखाली ओलावा साचून तेथील धातू गंजण्याची शक्यता आढळली होती. गंज वाढल्यास ब्रेकसाठी अधिक जोर लावावा लागतो आणि क्वचित प्रसंगी, जोराने ब्रेक दाबताच पायपट्टीचा ब्रेकयंत्रणेशी असलेला संबंधच तुटू शकतो. तपासणी होईपर्यंत या मोटारी न चालविण्याची विनंती कंपनीने केली. असा गंज बाहेरून दिसत नाही, हे विशेष.

नेहमी आढळणारे दोष

माघारी बोलावण्यास पात्र नसलेले, परंतु वयोमानाने उद्भवणारे दोषही पुष्कळ असतात. काही मोटारींत लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेने भरलेल्या रबरी पिशव्या असतात. रबर चिरले की हवा गळते आणि रात्रभर उभी केलेली मोटार सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. हवा भरणारा पंपही त्यामुळे लवकर निकामी होतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतील प्लास्टिकचे भाग उष्णतेने ठिसूळ होतात. ते फुटले व तशीच गाडी पुढे नेली तर इंजिनच जाते. डिझेल मोटारीतील काजळी अडविणारी जाळी केवळ गावातल्या गावात फिरल्याने तुंबते. छताच्या काचेभोवतीच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पालापाचोळ्याने बुजल्या की पावसाचे पाणी आत शिरून विजेच्या जोडण्या खराब होतात.

पुरात बुडालेली मोटार हा आणखी एक प्रकार. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेली वाहने धुऊनपुसून दूरच्या बाजारात येण्याचा संभव असतो. सतरंजीखालील चिखल, आसनांच्या रुळांवरील गंज, दिव्यांच्या काचेतील बाष्प व कुबट वास या खुणांवरून अशी मोटार ओळखता येते.

खरेदीपूर्वीची तपासणी

नोंदणी प्रमाणपत्रावर मोटारीचा चॅसी क्रमांक असतो. आधुनिक मोटारींत तो सतरा अंकाक्षरांचा असतो. हा क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा आणि अधिकृत सेवा केंद्रास देऊन एकच प्रश्न विचारावा : या गाडीवरील एखादी सुरक्षाविषयक दुरुस्ती शिल्लक आहे काय? त्याच वेळी पूर्वीच्या देखभालीची नोंद मागावी. त्यावरून धावलेल्या किलोमीटरांचा आकडा मागे फिरविला आहे काय, याचाही उलगडा होतो.

चावी फिरविताच एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर काहीतरी दडविले आहे असे समजावे. टायरच्या बाजूवरील चार अंक त्याचे वय सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबर जुने असू शकते. जून २०२५ पासून संपूर्ण ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वाहतुकीस खुला झाला आहे. अशा मार्गावर सलग वेगाने धावताना जुना टायर प्राणघातक ठरू शकतो.

कायद्याचे संरक्षण

राज्यांतर्गत व्यवहारात विक्रेत्याने चौदा दिवसांत व खरेदीदाराने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास हस्तांतरण कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ व ३० आहेत. परराज्यातील मोटारीसाठी नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र पाहावे. कर्जाचा बोजा उतरल्याची खात्री करावी. नोंद न बदलल्यास अपघाताच्या भरपाईची जबाबदारी दप्तरी नोंदलेल्या मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना प्राधिकारपत्र घेणे आवश्यक करण्यात आले. ते दाखविण्याचा आग्रह धरावा. व्यापाऱ्याने फसवणूक केल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे.

वापरलेली मोटार घेणे गैर नाही. अज्ञानात घेणे मात्र घातक आहे. गावात अशी मोटार आली की तिचे कौतुक होते, पेढे वाटले जातात. त्याच प्रसंगी पंचायत सदस्याने वा शिक्षकाने ‘सेवा केंद्रात क्रमांक दाखविलात काय?’ एवढे विचारले, तरी पुढचा एखादा अनर्थ टळू शकेल. कारण त्या मोटारीत एकटा मालक बसत नाही; त्याचे सारे कुटुंब बसते.