साथीचा काळ आणि मजुराची पोचपावती

इसवी सन २०२० च्या मार्च महिन्यात पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा हंगाम संपत आला होता, परंतु संपला नव्हता. २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. शहरवासी घरात बसले. बीड, अहमदनगर (हल्लीचे अहिल्यानगर) वगैरे जिल्ह्यांतून आलेला ऊसतोड मजूर मात्र फडातच राहिला. शेतीची कामे चालू ठेवण्यास मुभा होती, म्हणून कोयता चालू. आणि हंगाम आटोपला तेव्हा घरची वाट बंद. एप्रिलच्या मध्यास राज्य सरकारने वैद्यकीय तपासणी करून त्यांस गावी पाठविण्याचा आदेश काढला. तोपर्यंत लाखाहून अधिक माणसे बायकामुलांसह अडकून पडली होती. ऊस संपला म्हणजे वाढेही संपते. मग बैलांपुढे काय टाकावे, हाही प्रश्न होताच.

हा मजूर कोणाचा? कारखाना म्हणतो, मुकादमाचा. मुकादम म्हणतो, आपण उचल देऊन मोकळे झालो. ज्याचे नाव कोणाच्याच हजेरीपटावर नाही, त्याची विचारपूस साथीत कोणी करावी?

साथीचा कायदा आपणाकडे जुना आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, लोक गावोगाव पळाले, आणि १८९७ साली साथरोग अधिनियम झाला. तोच २०२० च्या मार्चमध्ये राज्याने लागू केला. रोग्यास वेगळे ठेवावे, प्रवाशांस तपासावे, हे त्यात आहे. मजुराच्या पोटाविषयी अवाक्षर नाही. पोटाचा कायदा आपणास साथीने नव्हे, दुष्काळाने दिला. १९७२ च्या दुष्काळातील कामांच्या अनुभवावरून वि. स. पागे यांच्या पुरस्काराने रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा अधिनियम १९७७ साली मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, व पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी तसाच कायदा केला.

साथीत हाच कायदा उपयोगी पडला. केंद्राने २०२०-२१ साठी प्रथम ६१,५०० कोटी रुपये ठेवले होते. मे महिन्यात त्यात ४०,००० कोटींची भर घातली. आदल्या वर्षी देशभर सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस काम झाले होते, ते त्या वर्षी ३८९ कोटींवर गेले. महाराष्ट्रात मजुरीचा दर २०६ रुपयांवरून २३८ झाला.

आमच्या काही बागायतदार बंधूंची तक्रार आम्ही ऐकून आहोत, की हमीच्या कामामुळे शेतास माणूस मिळत नाही. परंतु २३८ रुपयांवर माणूस आपला मळा सोडून जात असेल, तर आपण त्यास काय देतो हे प्रथम पाहावे. शिवाय याच योजनेतून अल्पभूधारकाच्या रानात विहीर होते, शेततळे होते, फळबाग लागते. यात शेतकऱ्याचे नुकसान कोठे आहे, हे आम्हास तरी कळले नाही.

आता खरी अडचण. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता द्यावा, असे कायद्यात होते. पण पंधरा दिवस मोजावयाचे कोणत्या तारखेपासून? अर्जाच्या. महसुली दप्तरात आयुष्य गेल्यामुळे आम्हास हे चटकन दिसते, मजुरास दिसत नाही. आमच्या माहितीच्या एका गावी मे २०२० मध्ये परतलेली काही कुटुंबे काम मागावयास गेली. ‘सध्या काम मंजूर नाही, मागाहून या’ असे तोंडी उत्तर मिळाले, व ती निमूटपणे परतली. अर्ज नाही, पोच नाही. तेव्हा सरकारी कागदोपत्री त्या गावात बेकार असा एकही मनुष्य नव्हता!

पुढे आम्ही दोघातिघांनी मारुतीच्या देवळात बसून त्यांचे नमुना चारचे अर्ज भरून दिले, आणि तारीख व सही असलेली पोच घेतल्यावाचून कचेरीतून हलू नये, असे बजावले. पोच देण्यास कुरकुर झाली. तरी माणसे हलली नाहीत. बाराव्या दिवशी बांधबंदिस्तीचे काम निघाले. त्या हजेरीपटावर तीन बायका अशा होत्या, की दहा-दहा वर्षे ऊस तोडूनही आपले नाव कोठे लिहिलेले त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी खरी. परंतु मुकादमाच्या वहीत नाव एकट्या नवऱ्याचे असते.