विजेचा शेजारधर्म

घरचें विरजण संपलें म्हणजे आपण शेजारीं वाटी पाठवितों. उद्यां त्यांची वाटी आली तर ती रिकामी परत जाऊं देत नाहीं. वीज पुरविणाऱ्या संस्थांमध्येंही असाच शेजारधर्म चालतो, हें वसई-विरारकडील पुष्कळ गृहस्थांस ठाऊक नसेल.

याचें उदाहरण आपल्या पालघर जिल्ह्यांतच आहे. १९६९ सालीं तारापूर येथें अणुविद्युत्केंद्र सुरू झालें, तेव्हां त्याच्या पहिल्या दोन संचांची वीज महाराष्ट्र व गुजरात या शेजाऱ्यांनीं वांटून घ्यावी अशी योजना होती. डहाणूचें औष्णिक केंद्र तर मुंबईच्या उपनगरांसाठीं उभारलें गेलें. ज्याच्या अंगणांत विहीर त्यानेंच पाणी प्यावें, असा येथें नियम नाहीं.

मात्र या व्यवहाराची शिस्त कडक आहे. जाळ्यांतील सर्व जनित्रांच्या प्रवाहाला सेकंदास ५० आवर्तनें हा एकच ताल संभाळावा लागतो. मागणी पुरवठ्याहून वाढली कीं सगळींच जनित्रें मंदावतात. एकाच्या उधळपट्टीचा भार साऱ्यांवर पडतो. म्हणून दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून कोणीं किती वीज घ्यावी हें आगाऊ ठरवितात. महाराष्ट्राचा हा हिशेब ऐरोलीस, तर पश्चिम विभागाचा मुंबईस पाहिला जातो. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर वाहिनीनें दक्षिणेचें जाळें उर्वरित देशास जोडलें आणि सारा भारत एका तालावर आला.

परंतु सख्य जितकें निकट, तितकें संकटही सामायिक. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांपैकीं एक दुरुस्तीसाठीं बंद होती. त्यांत इतरही एकामागून एक तुटल्या आणि सकाळीं दहाच्या सुमारास आगगाड्या जागच्या जागीं थांबल्या. अशा प्रसंगीं शहरानें जाळ्यापासून अलग होऊन स्वतःच्या विजेवर तगावें, अशी व्यवस्था १९८१ पासून होती. परंतु त्या वेळीं शहरांतील निर्मिती मागणीच्या मानानें अपुरी ठरली आणि ती व्यवस्था टिकली नाहीं.

तात्पर्य, शेजारी कितीही भला असला तरी घरांतला डबा अगदीं रिकामा ठेवूं नये. आणि दिवेलागणीस, जेव्हां साऱ्यांचीच गरज वाढते, तेव्हां पाण्याचा पंप घटकाभर थांबविला तर तोही शेजारधर्मच होय.