विश्लेषण : जुन्या गाण्यांतील गिटारचा ‘क्लीन’ आवाज नव्या यंत्रांतून कसा मिळवतात?

बोरीवलीतील प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहासारख्या सभागृहांत जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांना हक्काचा प्रेक्षक आहे. ही गाणी तबकड्या आणि रेडिओवर ऐकत तो मोठा झाला आहे. गायकाच्या आवाजाइतकेच गाण्यातले गिटारचे तुकडेही त्याच्या कानांत पक्के बसलेले आहेत. वादकाकडे मात्र त्या काळचा ॲम्प्लिफायर नसतो, असते पाठीवरच्या बॅगेत मावणारे डिजिटल यंत्र. घरी अगदी जुळलेला आवाज सभागृहात बोचरा किंवा घुमणारा का होतो? तो दुरुस्त कसा करतात?

‘क्लीन’ आवाज म्हणजे नेमके काय?

गिटारची तार हलली की तिच्याखालच्या पिकअपमध्ये अगदी क्षीण विद्युत संकेत तयार होतो. ॲम्प तो मोठा करतो. ॲम्पच्या क्षमतेपलीकडे संकेत गेला की त्याचे शेंडे कापले जातात आणि आवाज ‘फाटतो’. रॉक संगीताने हा फाटलेला आवाजच आपलासा केला. तो न फाटता स्वच्छ राहिला, तर त्याला क्लीन टोन म्हणतात.

पण जुना क्लीन आवाज शंभर टक्के स्वच्छ नव्हताच. व्हॉल्व्हचे ॲम्प क्षमतेच्या जवळ गेले की जोरकस स्वर किंचित दाबतात आणि त्याला गोलाई देतात. हळू वाजवले तर आवाज निर्मळ राहतो, जोर दिला तर थोडी धार येते. कानाला ‘ऊबदार’ वाटते ती ही प्रतिक्रिया.

जुना आवाज कशाकशातून घडला?

एका यंत्रातून नव्हे, साखळीतून. १९५४ मध्ये आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरला तीन पिकअप होते आणि खटकाही तीनच जागांचा होता. वादक तो मधेच अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत. १९७७ मध्ये कंपनीनेच पाच जागांचा खटका दिला. त्या काळच्या तारा आजच्यापेक्षा जाड असत. अनेकदा त्या सपाट गुंडाळीच्या असत, त्यामुळे आवाजातली चरचर कमी होई.

पुढची कडी ॲम्पची. १९६३ चा फेंडर ट्विन रिव्हर्ब हा क्लीन आवाजाचा मानदंड मानला जातो. त्यात १२ इंची दोन स्पीकर आणि स्प्रिंगवर चालणारा रिव्हर्ब होता. १९७५ मध्ये रोलँडचा जेसी-१२० हा व्हॉल्व्हविना चालणारा ॲम्प आला. त्यातला अंगभूत स्टीरिओ कोरस हा पुढच्या दशकाचा ओळखीचा आवाज ठरला. इंग्लंडच्या शॅडोज या वाद्यवृंदाने १९६० मध्ये ‘अपाची’ ही धून गाजवली. हँक मार्विन यांच्या त्या आवाजात स्ट्रॅटोकास्टर आणि वॉक्स ॲम्पइतकाच इको यंत्राचाही वाटा होता.

मुंबईच्या गाण्यांत काय वेगळे होते?

गझलगायक म्हणून परिचित असलेले भूपिंदर सिंग हे राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले महत्त्वाचे गिटारवादक होते. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधील ‘दम मारो दम’ची गिटार त्यांची. त्या काळात ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओंत गायक आणि मोठा वाद्यवृंद बहुतेकदा एकत्र बसवून ध्वनिमुद्रण होत असे. म्हणजे आपण ऐकतो तो आवाज केवळ गिटार आणि ॲम्पचा नाही. त्यात माइक, खोली, भोवतालची वाद्ये आणि मोनो मुद्रणाची मर्यादाही मिसळलेली आहे. म्हणून तोच ॲम्प मिळवला तरी तोच आवाज मिळेल, असे नाही.

मग जुनाच ॲम्प का वापरत नाहीत?

पहिले कारण वजनाचे. ट्विन रिव्हर्बची आज मिळणारी ८५ वॅटची व्हॉल्व्ह आवृत्ती सुमारे २९ किलोची आहे. ती घेऊन लोकलने जाणे अशक्यच. दुसरे कारण शेजाऱ्यांचे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. व्हॉल्व्ह ॲम्प खुलतो तो आवाज मोठा केल्यावर. इमारतीतल्या दोन खोल्यांच्या घरात ते जमणारे नाही.

डिजिटल यंत्रांनी ही अडचण सोडवली. १९९८ मध्ये लाइन सिक्सच्या पॉडने अनेक ॲम्पच्या नकला एका छोट्या डबीत आणल्या. २०१९ मध्ये फेंडरने स्वतःच ट्विनची टोन मास्टर ही डिजिटल आवृत्ती काढली. तिचे वजन सुमारे १५ किलो आहे. मूळ ८५ वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्पचा जोर साधण्यासाठी तिच्यात २०० वॅटचा डिजिटल ॲम्प आहे. आजचे प्रोसेसर हेडफोनवरही मोठ्या ॲम्पची ती गोलाई देतात.

तरीही सभागृहात आवाज का बिघडतो?

यंत्र ॲम्पची नक्कल करते, कानाची नाही. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज लहान असताना माणसाला खर्ज आणि अतिउंच कंपने कमी ऐकू येतात. घरी हळू आवाजात सेटिंग करणारा वादक नकळत बास आणि ट्रेबल वाढवून ठेवतो. सभागृहात आवाज मोठा झाला की तीच वाढ अंगावर येते. बास घुमतो, ट्रेबल बोचतो. दोष यंत्राचा नसतो, ते कोणत्या पातळीवर लावले याचा असतो.

दुसरा घोळ स्पीकरचा. गिटारच्या १२ इंची स्पीकरमधून साधारण ५ ते ६ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने क्षीण होतो. सभागृहाचे स्पीकर मात्र त्याच्या कितीतरी वरपर्यंत वाजतात. गिटार थेट मिक्सरला दिली तर ती पातळ आणि कर्कश लागते. त्यासाठी यंत्रातली ‘कॅबिनेट’ नक्कल सुरू असावी लागते. उलट यंत्र रंगमंचावरच्या गिटार ॲम्पला जोडले, तर ती बंद करावी लागते. अन्यथा एका स्पीकरच्या आवाजावर दुसऱ्याचा थर चढून आवाज गुदमरतो.

व्यवहारात काय करावे?

सुरुवात ट्विनसारख्या ॲम्पच्या नकलेपासून करावी. गेन कमी, बास निम्म्याच्या खाली आणि ‘ब्राइट’चा खटका बंद ठेवावा. कॅबिनेटनंतर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा आणि ५-६ हजारांच्या वरचा भाग छाटावा. स्प्रिंग रिव्हर्ब जेमतेम जाणवेल इतका असावा, कारण सभागृहाची स्वतःची घुमही त्यात मिसळणार असते. सभागृहाची यंत्रणा मोनो आहे का, हे आधी विचारावे. स्टीरिओ कोरस मोनोमध्ये एकत्र झाला की आवाज पोकळ होऊ शकतो.

त्यानंतर हाताकडे यावे. गिटारचा व्हॉल्यूम सात-आठवर आणला की ट्रेबल किंचित मवाळ होतो. पिक ब्रिजपासून दूर, मानेकडे सरकवला की स्वर गोल होतो. जाड तारा लावल्या तर पुष्कळ काम यंत्राशिवायच होते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे अखेरचे सेटिंग घरी करू नये. तालमीच्या खोलीत, कार्यक्रमाइतक्या आवाजात आणि बाकी वाद्ये वाजत असताना ते करावे. एकट्याने ऐकताना भरदार वाटणारी गिटार कीबोर्ड आणि बासमध्ये हरवते, तर एकटी थोडी पातळ वाटणारी गिटार गाण्यात नेमकी बसते. साऊंड चेकला मिळणारी दहा-पंधरा मिनिटे नवा आवाज शोधण्यात घालवण्यापेक्षा बास आणि ट्रेबल पाव फेरी कमी-जास्त करून पाहण्यात लावावीत. बोरीवलीच्या प्रेक्षकाला यंत्राचे नाव कळत नाही, पण ओळखीचा तुकडा चुकीच्या आवाजात वाजला तर ते पहिल्या दोन सुरांतच कळते.