विधानसभेची जागा मोलाची की विधान परिषदेची?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांशी बोलताना नवी मुंबईतील आपल्या अनेक कुटुंबांच्या कानांवर तेथील सिनेटची चर्चा पडत असते. तेथे सिनेटची एक जागा प्रतिनिधीगृहाच्या अनेक जागांहून मोलाची मानली जाते, आणि त्याला कारणही आहे. प्रतिनिधीगृहात ४३५ सदस्य, सिनेटमध्ये केवळ १००. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकांना संमती देण्याचा अधिकार फक्त सिनेटचा. मग आपल्या राज्यातील वरिष्ठ सभागृहाचे, म्हणजे विधान परिषदेचे मोल तसेच मानावे काय, असा प्रश्न आम्हांला विचारण्यात आला. त्याचे उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नाही.

महाराष्ट्र विधानसभेत २८८ सदस्य आहेत, तर परिषदेत ७८. या ७८ पैकी ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जणांना स्थानिक स्वराज्य संस्था, ७ जणांना पदवीधर आणि ७ जणांना शिक्षक. उरलेल्या १२ जणांची नेमणूक राज्यपाल करतात. परिषद कधी विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

अधिकारांचा हिशेब मांडला, तर पारडे विधानसभेकडेच झुकते. मंत्रिमंडळ राज्यघटनेनुसार विधानसभेला जबाबदार असते. सरकार पाडण्याचे किंवा तारण्याचे सामर्थ्य परिषदेकडे नाही. धनविधेयक ती फार तर चौदा दिवस ठेवू शकते. साधे विधेयक पहिल्या वेळी तीन महिने व दुसऱ्या वेळी एक महिना रोखता येते. त्यानंतर विधानसभेचाच शब्द अखेरचा ठरतो. राज्यसभेचे सदस्य निवडण्याचा व राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार विधानसभेच्या निर्वाचित आमदारांना आहे, परिषदेच्या सदस्यांना नाही. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत महाराष्ट्रातील एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ असते. २०२४ साली बेलापूर मतदारसंघाचा निकाल अवघ्या ३७७ मतांनी लागला. ज्यांनी त्या दिवशी घरी बसणे पसंत केले, त्यांनी किती मोठा अधिकार सोडला हे यावरून कळावे.

तरीही परिषद ही केवळ शोभेची वास्तू आहे असे म्हणणे आम्हांला पटत नाही. शेजारच्या कर्नाटकाचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. तेथील धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत संमत झाले. परंतु परिषदेत सत्ताधारी पक्षाला बहुमत नसल्याने ते अडून राहिले. मे २०२२ मध्ये सरकारने वटहुकमाचा मार्ग धरला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परिषदेची संमती मिळाली. म्हणजे परिषदेतील संख्याबळाने कायदा थांबला नाही, मात्र तो लांबला आणि त्यावर चर्चेला अवधी मिळाला. लहान समाजाच्या दृष्टीने असा अवधी क्षुल्लक नसतो. आणि आपल्या राज्याची रोजगार हमी योजना ज्यांच्या विचारातून साकारली, ते वि. स. पागे विधान परिषदेचेच सभापती होते, हेही विसरू नये.

राजकीय पक्षांना परिषदेच्या जागा हव्याशा वाटतात त्याचे कारण मात्र वेगळे आहे. विधानसभेत पराभूत झालेल्यांची सोय, तसेच सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत सभागृहात आणण्याची वाट तेथून निघते. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री झालेले श्री. उद्धव ठाकरे मे २०२० मध्ये परिषदेवरच बिनविरोध निवडून आले. आमदारांनी निवडायच्या जागांसाठी मतदान गुप्त असल्याने पक्षांची खरी ताकदही तेथे उघडी पडते. जुलै २०२४ मध्ये ११ जागांसाठी १२ उमेदवार होते आणि विजयासाठी पहिल्या पसंतीची २३ मते लागणार होती. त्यात रायगडचे शेतकरी कामगार पक्षाचे नेते श्री. जयंत पाटील पराभूत झाले. अनेक वर्षे परिषद गाजवलेल्या या नेत्याच्या पक्षाचे विधानसभेतील बळ नाममात्र उरले होते. विधानसभेतील जागा गेल्या की परिषदेतील जागाही फार काळ टिकत नाहीत.

स्थानिक संस्थांच्या जागांचेही तसेच. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. दरम्यान ठाणे स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाच्या सदस्याची मुदत जून २०२२ मध्ये संपली; मतदार असणारे नगरसेवकच नसल्याने ही जागा दीर्घकाळ रिकामी राहिली.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. विधानसभेत 'ख्रिस्ती लोकांची' एक नामनियुक्त जागा होती असे पुष्कळजण सांगतात. ती जागा अँग्लो-इंडियन समाजासाठी होती आणि १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०२० पासून ती तरतूदही संपली.

आपल्या धर्मग्रामांतील भाविकांना परिषदेसाठी थेट मत देता येते ते कोकण पदवीधर व कोकण शिक्षक या मतदारसंघांत. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे त्यांत येतात. म्हणून वाशी, पनवेल आणि वसई येथील पदवीधर एकाच उमेदवाराच्या भवितव्याचा निर्णय करतात. आपल्या समाजात पदवीधर व माध्यमिक शिक्षक थोडे नाहीत, नोंदणी मात्र थोड्यांचीच असते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणजे येथेही असेल, ही समजूत चुकीची आहे. ही यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते. मागील वेळी मत दिलेल्यांनाही पुन्हा अर्ज भरावा लागतो. पदवीधरांसाठी नमुना क्रमांक १८ व शिक्षकांसाठी १९. पदवी मिळून १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापूर्वी तीन वर्षे झालेली असावीत. शिक्षकांनी मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरील संस्थेत अध्यापन केलेले असावे. कोकण शिक्षक मतदारसंघात मागील मतदान जानेवारी २०२३ मध्ये व पदवीधर मतदारसंघात जून २०२४ मध्ये झाले. सहा वर्षांच्या हिशेबाने पुढील पाळ्या २०२९ व २०३० च्या आहेत. अर्ज त्याआधीच्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून घेतले जातात.

मतदानाच्या दिवशी मतपत्रिकेवर केंद्रातच दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने १, २, ३ असे पसंतीचे अंक लिहावयाचे असतात. बरोबरची खूण केली अथवा 'एक' असे अक्षरांत लिहिले, तर ते मत बाद होते.