बायोसचे अपडेट: समजुती आणि वस्तुस्थिती

बायोसचे अपडेट फसले की लॅपटॉप मेला आणि आता मदरबोर्डच बदलावा लागणार, ही समजूत बंगळूरसारख्या, १९८५ साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने आपले केंद्र थाटल्यापासून संगणकविद्येत नावारूपाला आलेल्या नगरीतही इतकी दृढ आहे, की सुशिक्षित माणसेसुद्धा अपडेटची सूचना महिनोन्महिने तहकूब ठेवतात. आणि एखाद्या दिवशी ते सुरू झालेच, तर भयापोटी नेमके तेच करून बसतात, ज्याने यंत्राला खरोखर अपाय होतो.

ती कृती म्हणजे पडदा काळा दिसताच पॉवरचे बटण दाबून धरणे. नवे बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारे फर्मवेअर, चिपवर उतरल्यानंतर अनेक यंत्रे आपल्या रॅमची जुळणी नव्याने करतात, मधूनच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतात, आणि या अवधीत कित्येक मिनिटे पडद्यावर काहीही उमटत नाही. तेथे धीर धरण्यावाचून दुसरा उपाय नाही. वळवाच्या पावसात वीज जाईल ही धास्तीही लॅपटॉपपुरती अनाठायी आहे, कारण बॅटरी पुरेशी भरलेली आणि चार्जर जोडलेला असल्याखेरीज बहुतेक लॅपटॉप हे काम हातीच घेत नाहीत.

सर्वांत मोठे नुकसान मात्र एका निळ्या पडद्यामुळे होते. अपडेटनंतर विंडोजमधील डिस्क कुलूपबंद ठेवणारा बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो, माणूस व्हायरस शिरला असे समजतो, आणि कोणी सुचवले म्हणून फॉरमॅटला संमती देऊन मुलांची छायाचित्रे नि वर्षानुवर्षांची कागदपत्रे कायमची घालवतो. वस्तुतः डिस्कवरील एक अक्षरही बदललेले नसते. टीपीएम नावाची चिप डिस्कची किल्ली तेव्हाच देते, जेव्हा आरंभीच्या प्रोग्रॅमची नोंद पूर्वीच्या नोंदीशी जुळते. फर्मवेअर बदलले, नोंद जुळली नाही, सबब तिने किल्ली रोखून धरली, इतकेच. ती की बहुधा लॅपटॉप प्रथम ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला, त्या खात्यात असते. यंत्र कचेरीचे असेल, तर तेथील आयटी विभागाच्या दप्तरी. अपडेटपूर्वी बिटलॉकर तात्पुरता स्थगित केला, तर हा प्रसंग सहसा येत नाही.

मदरबोर्डवरचा सेल काढला की जुने बायोस परत येते, हेही खरे नाही: त्याने फार तर घड्याळ आणि काही सेटिंग पूर्वस्थितीला जातील, कारण फर्मवेअर ज्या फ्लॅश चिपमध्ये असते, तिला मजकूर राखण्यास विजेची गरज नसते. त्याऐवजी निर्मात्यानेच केलेली तजवीज वापरून पाहावी. एचपीच्या अनेक लॅपटॉपांत विंडोज आणि बी या कळा दाबून धरून यंत्र सुरू केले, किंवा डेलच्या अनेक लॅपटॉपांत कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून चार्जर जोडला, की बायोस सावरण्याची प्रक्रिया सुरू होते.

तेवढ्यानेही भागले नाही, तरी मदरबोर्ड बाद ठरत नाही. बंगळूरच्या टाउन हॉलजवळच्या ज्या बाजाराला सारे शहर एसपी रोड म्हणते, तेथील जाणता कारागीर आठ पायांच्या त्या फ्लॅश चिपला चिमट्यासारखी क्लिप लावतो, आतील मजकूर आधी वाचून फाइलीत जतन करतो आणि मगच नवे फर्मवेअर लिहितो. येथे ग्राहकाने दक्ष असावे. काही चिपा ३.३ व्होल्टच्या तर काही १.८ व्होल्टच्या असतात, आणि चुकीच्या विद्युतदाबाने चिप जळू शकते. शिवाय दुसऱ्या यंत्राची फाइल जशीच्या तशी चढवली, तर त्या यंत्राचा सिरियल नंबर आणि विंडोजची परवाना-की आपल्या माथी येते.

मग अपडेट करूच नये काय? या शंकेला आधार नाही असे मी म्हणणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० या ऑपरेटिंग सिस्टिममुळे लेनोव्होच्या काही लॅपटॉपांचे बायोस बिघडले आणि ती आवृत्ती डाउनलोडसाठी देणे थांबवावे लागले. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधील सुरक्षात्रुटीवरील दुरुस्तीने यंत्रे अकारण रीस्टार्ट होऊ लागली, तेव्हा इंटेलनेच ती लावू नका असे सांगितले. म्हणून पहिल्याच दिवशी घाई नको. पण कायमची टाळाटाळ त्याहून घातक आहे, कारण यंत्र सुरू होताना प्रोग्रॅमची सत्यता तपासणाऱ्या सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागतात, आणि नवी मिळवण्यासाठी काही यंत्रांना फर्मवेअरचेच अपडेट लागते. तेव्हा आजच आपली ४८ अंकी की शोधून कागदावर उतरवून ठेवा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नका.