दारावरची पाटी
हॉटेलच्या दाराला ‘त्रास देऊ नका’ ही पाटी लावली की आत कुणी येणार नाही, हा भरवसा अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१७ नंतर सैल झाला. त्या रात्री लास वेगासच्या मँडले बे हॉटेलातल्या ३२व्या मजल्यावरून एका पाहुण्याने खालच्या गर्दीवर गोळीबार केला. बंदुका त्याने बॅगांतून वर नेल्या होत्या. मग अनेक हॉटेलांनी नियम केला: पाटी दिवस-दोन दिवस हललीच नाही, तर खोली पाहायची. हे रास्तच आहे, पण दार वाजवून, ओळख सांगून, पाहुण्याला अंगावर कपडे चढवण्याइतका वेळ देऊन. पोलिसांची झडती मात्र वेगळी. पाहुण्याच्या वतीने काउंटरवरचा कारकून तिला संमती देऊ शकत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच स्टोनर खटल्यात ठरवलं. तुमचं दार वाजवणाऱ्याबद्दल शंका आली, तर आधी रिसेप्शनला फोन करा, मगच कडी काढा.